तालुक्याच्या गावात झाडांवरचं जाहीर व्याख्यान कसं भरवावं: विषय ठरवण्यापासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. आमचा विभाग वर्षाला चार जाहीर व्याख्यानं आणि एमएस्सीच्या मुलांचं एक चर्चासत्र भरवतो. पहिल्या व्याख्यानाला पाहुणे अभ्यासू होते, सभागृह भरलेलं होतं, पडद्यावर सुंदर फोटो होते. संपल्यावर दारात चपला घालता घालता एका आजोबांनी मला विचारलं, "सर, सगळं चांगलं झालं. पण ते झाड नक्की कुठलं? आमच्याकडं त्याला काय म्हणतात?" तासभर ज्या झाडाबद्दल बोलणं झालं त्याची साधी डहाळीसुद्धा आम्ही सभागृहात आणली नव्हती. झाड मात्र कॉलेजच्या कुंपणालाच होतं.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. ज्या वनस्पतीबद्दल बोलायचं ती खोलीत हवी, आणि ते शक्य नसेल तर लोकांना तिच्याजवळ न्यायची सोय हवी. खालची बहुतेक कामं ह्या एका नियमातून आली आहेत. आपल्या कॉलेजात, शाळेत, वाचनालयात किंवा गणेश मंडळात असं व्याख्यान भरवू पाहणाऱ्यांसाठी ती क्रमानं लिहितो.

१. आधी ठरवा: व्याख्यान की चर्चासत्र

चर्चासत्रात त्या विषयातली माणसं एकमेकांचं काम तपासायला बसतात. तिथे पद्धत, आलेख आणि त्रुटी यांवर खल होतो, आणि कोणी मध्येच थांबवून "हे कशावरून?" असं विचारलं तर ते रीतीला धरूनच असतं. जाहीर व्याख्यानाला शेतकरी, किराणा दुकानदार, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक आणि नववीतली एखादी मुलगी अशी मंडळी येतात. त्यांना विषय कळायला हवा, पण तो सोपा करण्याच्या नादात चुकीचा सांगितला जाऊ नये.

हे दोन्ही एकाच कार्यक्रमात कोंबलं की कोणाचंच समाधान होत नाही. पाहुणे लांबून येणार असतील तर सकाळी अकरा वाजता विभागात एमएस्सीच्या मुलांसमोर त्यांचं संशोधन मांडायला सांगा आणि दुपारी चारला गावासाठी व्याख्यान ठेवा. माणूस तोच, पण बोलणं वेगळं. प्रवासखर्च एकदाच होतो आणि मुलांना एकच विषय दोन श्रोत्यांसमोर कसा बदलतो ते पाहायला मिळतं. वर्गात सांगून हे कळत नाही.

२. विषय एका झाडात मावायला हवा

"हवामानबदल आणि वनस्पती" हे एका मोठ्या अभ्यासक्षेत्राचं नाव झालं, व्याख्यानाचा विषय नव्हे. "पर्यावरण संवर्धन: काळाची गरज" असा फलक लावला की माणूस आत यायच्या आधीच आत काय बोललं जाईल ते ओळखतो. विषय असा निवडा की तो एका किंवा दोन वनस्पतींमध्ये बसेल आणि त्यांचा हात धरून पुढे मोठ्या प्रश्नापर्यंत जाता येईल. आमच्याकडे जे विषय चालले त्यांतले काही सांगतो.

गाजर गवत. काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ते सगळ्यांना माहीत आहे, अंगाला खाज आणणारं म्हणून तर नक्कीच. ही मूळची उष्ण कटिबंधी अमेरिकेतली वनस्पती. भारतात तिची पहिली शास्त्रीय नोंद १९५६ साली पुण्यातून झाली हे सांगितलं की श्रोते सावरून बसतात, कारण गोष्ट अचानक आपल्या जवळची होते. तिथून परकीय आक्रमक वनस्पती म्हणजे काय, घाणेरी आणि रानमोडी कशा पसरल्या, हे सगळं ओघानं येतं. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा, झायगोग्रामा, हे गवत खातो. १९८० च्या दशकात तो बंगळुरूला सोडण्यात आला. पावसाळ्यात तो आमच्या कॉलेजच्या मागच्या पडीक जागेतही सापडतो. जाळीच्या झाकणाच्या बरणीत चारपाच भुंगेरे आणि गवताची एक फांदी ठेवली की तासाभरात पानांची चाळण झालेली लोकांना प्रत्यक्ष दिसते.

ब्राह्मी. ह्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एक मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका: जमिनीसरपट धावणारी, गोलसर पानांची. दुसरी जलब्राह्मी, म्हणजे बॅकोपा मोनिएरी: दलदलीत वाढणारी, बारक्या मांसल पानांची. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा आणि "तुमच्या घरी तेलात घालतात ती यांतली कोणती?" असं विचारा. लॅटिन नावांची गरज काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगली वाट माहीत नाही. लोक आपापसात वाद घालू लागतात आणि शास्त्रीय नाव हा त्या वादावरचा तोडगा म्हणून समोर येतं.

गणपतीची पत्री. गणेश चतुर्थीच्या आठदहा दिवस आधी हे व्याख्यान ठेवलं की सभागृह अपुरं पडतं. दूर्वा, आघाडा, शमी, माका, डोरली, रुई, बेल, अर्जुन, हादगा, केवडा, जाई असं टेबल मांडायचं, प्रत्येकासमोर नावाची चिठ्ठी. बाजारात पत्री म्हणून मिळणाऱ्या जुडीत प्रत्यक्षात काय असतं ते शेजारी ठेवायचं. एकवीस पत्रींच्या यादीत देवदार आहे, पण देवदार हिमालयातला. आपल्या बाजारातल्या जुडीत त्याच्या नावावर भलताच पाला असणार. यातून ओळख, अधिवास, रानातली ओरबाड हे तिन्ही विषय निघतात, आणि कोणाच्या श्रद्धेला धक्का न लावता निघतात. मागच्या खेपेला काही बायकांनी आपापसात वाटून घेऊन घराभोवती पत्रीची झाडं लावायचं ठरवलं.

नरक्या. सह्याद्रीतल्या ह्या झाडापासून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य मिळतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. त्यासाठीच ते जंगलातून बेसुमार तोडलं गेलं. हा विषय वनरक्षकांना बरोबर घेऊन करावा. त्यांना जे माहीत असतं ते छापील कागदात नसतं.

आणि आमच्या जिल्ह्यातला म्हणून कास. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पण "कासचं पुष्पवैभव" असा विषय घेऊ नका, फोटोंच्या पलीकडे काही उरत नाही. वायतुरा घ्या. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला तुरा असलेली ही पाणवनस्पती, तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे: अपोनोजेटॉन सातारेन्सिस. किंवा सीतेची आसवं आणि दवबिंदू घ्या. कातळावरच्या मातीत पोषणद्रव्यं इतकी कमी की ह्या वनस्पती किडे पकडून नत्राची भर घालतात. मग खडक, माती, पाऊस आणि फूल यांचा संबंध न सांगताच उलगडतो.

३. तारीख: पंचांग, पीक आणि एसटी

५ जूनला जागतिक पर्यावरण दिन असतो म्हणून बरेच जण तोच धरतात. त्या दिवशी शाळा सुट्टीवर, कॉलेजची मुलं गावी, शेतकरी पेरणीच्या धांदलीत आणि रानात बहुतेक काहीच फुललेलं नाही. तो दिवस टाळा. आमच्या भागात ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दाखवायला सर्वांत जास्त वनस्पती असतात. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिनही चांगला. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असतात आणि परागीभवनावर बोलायला ते दिवस हातात येतात.

वार निवडताना आठवडे बाजार बघा. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतली माणसं तालुक्याला आलेलीच असतात. दुपारी चारला सुरू करून साडेपाचला सोडा, कारण शेवटच्या एसटीची वेळ हीच आपल्या कार्यक्रमाची खरी मर्यादा आहे. साडेसहाची गाडी चुकेल ह्या धास्तीनं बसलेला माणूस काही ऐकत नाही.

४. वक्ता शोधणं आणि पत्र

पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून आहे. आघारकर संशोधन संस्था आहे. १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या ह्या संस्थेला पुढे मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचं नाव देण्यात आलं. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग कंदीलपुष्पांच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या, संवर्धनासाठी ओळखला जातो. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात १९०६ पासूनचा ब्लॅटर वनस्पतिसंग्रह, म्हणजे दाबून वाळवलेल्या नमुन्यांचा संग्रह, आहे. मराठीतून विज्ञान सांगणारी माणसं हवी असतील तर १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या जवळच्या विभागाशी संपर्क साधावा.

मोठ्या पदावरचा माणूसच हवा असा हट्ट धरू नका. आमची सर्वांत रंगलेली दोन व्याख्यानं पीएचडी करणाऱ्या मुलींनी दिली. चार पावसाळे सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, पालथं पडून एकच वनस्पती मोजलेल्या माणसाकडे सांगायला भरपूर असतं, आणि विचारणारं कोणी फारसं नसतं.

सहा आठवडे आधी पत्र पाठवा. त्यात तारीख, वेळ, बोलायला नेमकी किती मिनिटं, श्रोते कोण, भाषा कोणती, प्रोजेक्टर आहे की नाही, मानधन किती, प्रवासखर्च कसा आणि कधी मिळेल, राहायची सोय कुठे, हे सगळं लिहा. पैशाचं लिहायला संकोच वाटतो, पण पाहुण्यांना ते विचारायला त्याहून जास्त संकोच वाटतो. पैसे त्याच दिवशी पाकिटात द्या. तिकिटांच्या झेरॉक्स मागवून चार महिने ताटकळत ठेवल्याचे प्रकार मी ऐकले आहेत. एकदा माझ्याच बाबतीत एका ठिकाणी तसं झालं आहे. तो वक्ता पुन्हा येत नाही.

५. वक्त्याशी अर्धा तास फोन

हे काम बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि व्याख्यान पडतं ते इथेच. पत्राला होकार आला की पंधरा दिवस आधी निवांत फोन करा आणि तीन गोष्टी बोला.

पहिली, कोणती वनस्पती टेबलावर ठेवायची. वक्त्याला सांगा की आम्ही ती मिळवून ठेवतो, तुम्ही बोलणं तिच्यापासून सुरू करा.

दुसरी, भाषा. मराठीत बोला म्हटलं की पुष्कळ संशोधक बिचकतात, कारण त्यांचं सगळं काम इंग्रजीत झालेलं असतं. त्यांना वीसपंचवीस शब्दांची यादी पाठवा: पर्णरंध्रं, बाष्पोत्सर्जन, परागीभवन, प्रदेशनिष्ठ, अधिवास, बीजप्रसार, जनुक, मूलद्रव्य. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तेव्हा एका वाक्यात उलगडायला सांगा. "प्रदेशनिष्ठ, म्हणजे ह्या प्रदेशाबाहेर जगात कुठेच न सापडणारी" एवढं पुरे. आणि जिथे इंग्रजी शब्दच लोकांच्या तोंडी आहे तिथे तोच वापरावा. कार्बन डायऑक्साइडला कर्बद्विप्राणिद वायू म्हणून कोणाचं भलं होत नाही.

तिसरी, वेळ. चाळीस मिनिटं बोलणं, चाळीस मिनिटं प्रश्न. वक्त्यांना हे प्रमाण आधी विचित्र वाटतं. नंतर तेच सांगतात की प्रश्नांना अजून वेळ हवा होता.

६. टेबल

माझ्या मते निम्मं व्याख्यान ह्या टेबलावर होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

वनस्पतिशास्त्रात लोकांसमोर प्रयोग करून दाखवण्याची परंपरा आपल्या देशात जुनी आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये भाषण केलं ते उपकरणं आणि प्रयोग समोर मांडून. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट उघडताना त्यांनी तिथे मोठं व्याख्यानगृहही ठेवलं, कारण नवे शोध लोकांना प्रत्यक्ष प्रयोगातून दाखवावेत असा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे तशी उपकरणं नाहीत. पण खालचे चार प्रयोग कोणत्याही कॉलेजात होतात आणि आम्ही ते बहुतेक प्रत्येक व्याख्यानाला मांडतो.

पहिला, पिशवी. सकाळी दहाला आवारातल्या एखाद्या झाडाच्या पानं असलेल्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड घट्ट बांधा. दुपारी चारला तीच फांदी सगळ्यांना दाखवा. पिशवीत पाणी साचलेलं असतं. झाड हवेत पाणी सोडतं हे वाक्य आणि ते पाणी डोळ्यांनी पाहणं यांत फार अंतर आहे. ऊन असलेला दिवस हवा, आणि पिशवी नंतर आठवणीनं काढा.

दुसरा, तेरड्याचं रोप. मुळं हलक्या हातानं धुऊन घ्या, खोड पाण्याखाली तिरकं कापा आणि लाल शाई घातलेल्या पाण्यात उभं करा. व्याख्यान सुरू होताना ठेवलं तर संपेपर्यंत अर्धपारदर्शक खोडातून लाल रेघा वर चढलेल्या दिसतात. मुलं बोलणं ऐकता ऐकता अधूनमधून तिकडे बघत असतात. बघू द्या.

तिसरा, हायड्रिला ही पाणवनस्पती. काचेच्या मोठ्या पेल्यात पाणी, त्यात चिमूटभर खायचा सोडा, हायड्रिलाच्या ताज्या फांद्या, त्यांवर उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी. शेजारी तेजस्वी एलईडी दिवा. बुडबुडे सुटू लागतात. एका विद्यार्थ्याला मिनिटाला किती ते मोजून फळ्यावर लिहायला सांगा. मग काळं कापड टाका आणि पुन्हा मोजा. हा प्रयोग पुढे प्रश्नोत्तरांत कामाला येतो.

चौथा, ऱ्हिओचं पान. बागेत शोभेला लावतात ते, खालून जांभळं. पान तिरकं फाडलं की खालची जांभळी साल सहज सुटते. पाण्याचा थेंब, वर काचपट्टी, आणि सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रभिंगावर मोबाइलचा कॅमेरा धरून तो प्रोजेक्टरला जोडा. आख्ख्या भिंतीवर जांभळ्या पेशी आणि त्यांमधली हिरवट पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक छिद्रं, दिसतात. मग मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा. पेशींमधला जांभळा रंग पेशीच्या कडेपासून आत आकसत जातो. आमच्याकडे एकदा हे पाहून एक शेतकरी उभे राहिले आणि म्हणाले, "म्हणजे खत जास्त झालं की पीक करपतं ते हेच का?" खतांच्या क्षारांमुळे मुळांभोवतीचं पाणी खारं होतं आणि मुळांना ते ओढून घेता येत नाही, होय, मूळ तत्त्व तेच. वक्त्यांनी तिथेच ठरलेला क्रम सोडला आणि पुढची दहा मिनिटं त्यावरच बोलले. तो निर्णय अगदी योग्य होता.

सूक्ष्मदर्शक नसेल तर पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळल्यावर चिकटपट्टीनं ओढून काढा. पर्णरंध्रांचा ठसा त्यावर येतो आणि तो नंतर शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो.

एक गोष्ट कटाक्षानं पाळा. अभयारण्यातून, राष्ट्रीय उद्यानातून, कासच्या पठारावरून काहीही उपटून आणू नका. ते कायद्यानंही मना आहे. दुर्मीळ वनस्पती टेबलासाठी खुडायची नसते. कंदीलपुष्पासारख्या फुलाचं कागदाचं मोठं प्रतिरूप करा. आम्ही पुठ्ठ्याची नळी घेतली, आत खालच्या दिशेनं झुकलेले दोऱ्यांचे केस चिकटवले आणि माशी आत कशी जाते, अडकते, फूल मलूल होऊन केस सुकले की परागपुंज घेऊन कशी सुटते ते दाखवलं. ते प्रतिरूप आजही विभागात आहे आणि मुलांना त्या फुलाची रचना अजून तोंडपाठ आहे.

७. कार्यक्रमाचा दिवस

आवाज आधी तपासा. फोटो पुसट दिसला तर चालतं, आवाज नीट आला नाही तर माणसं उठून जातात. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून चाला. वक्त्यांना सांगून ठेवा की वीज गेली तर टेबलाभोवती उभं राहून बोलू. पूर्ण अंधार करू नका. अंधारात वक्त्याला चेहरे दिसत नाहीत आणि टेबलही दिसत नाही.

स्वागत, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, मनोगत, अध्यक्षीय भाषण. ह्यात पाऊण तास सहज जातो आणि तो वेळ प्रश्नांमधून कापला जातो. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या व्याख्यानांत परिचयच नसतो, वक्ता येतो आणि थेट विषयाला हात घालतो. आपल्याला तेवढं कोरडं व्हायची गरज नाही, पाहुण्यांचा मान राखणं ही आपली रीत आहे आणि ती चांगली आहे. पण सगळं मिळून दहा मिनिटांत बसवा. परिचयात पदांची यादी वाचण्याऐवजी वक्त्यानं काय शोधलं ते तीन वाक्यांत सांगा. हारतुऱ्यांऐवजी रोप देण्याची पद्धत आली आहे, पण एसटीनं जाणाऱ्या माणसाच्या हातात कुंडी देणं त्रासदायक होतं. आम्ही पाहुण्यांच्या हस्ते आवारात एक स्थानिक झाड लावतो आणि त्यावर झाडाच्या नावाची पाटी लावतो.

८. प्रश्नोत्तरं

गावातली माणसं माइक हातात घेऊन बोलायला लाजतात, बायका आणि मुली तर जास्तच. दारातच प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल द्या. बोलणं संपलं की पाच मिनिटांची सुट्टी घ्या, चहा द्या, लोकांना टेबलाभोवती फिरू द्या, आणि तेवढ्यात चिठ्ठ्या गोळा करा. पहिला प्रश्न विद्यार्थ्याचा घ्या. पहिला प्रश्न एखाद्या प्राध्यापकानं पाच मिनिटं विचारला की नंतर कोणी हात वर करत नाही.

काही प्रश्न दरवेळी येतात, त्यांची तयारी ठेवा. "पिंपळ आणि तुळस रात्रीही ऑक्सिजन देतात ना?" हा त्यांतला पहिला. हसण्यावारी नेऊ नका, विचारणाऱ्यानं ते कुठेतरी विश्वासानं ऐकलेलं असतं. आम्ही हायड्रिलाकडे वळतो. दिव्यात मिनिटाला किती बुडबुडे होते आणि कापड टाकल्यावर किती, ते फळ्यावर लिहिलेलंच असतं. झाडं ऑक्सिजन बनवतात ती प्रकाशाच्या जोरावर, अंधारात नाही. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवून घेतात, तरी ऑक्सिजन सुटतो तो दिवसाच. कोणाला खोटं न ठरवता उत्तर मिळतं, कारण ते वनस्पतीनंच दिलेलं असतं.

दुसरा प्रश्न, "झाडांना भावना असतात का?" लाजाळूची कुंडी पुढे करा आणि प्रतिसाद व भावना यांतला फरक सांगा. स्पर्शानं पानं मिटतात ती देठाच्या बुडाशी असलेल्या पेशींतलं पाणी झटकन निघून गेल्यानं. वनस्पतीला बाहेरचं कळतं आणि ती त्याला उत्तर देते, हे पक्कं आहे. त्यापुढे भावना हा शब्द वापरायला आज आपल्याकडे पुरावा नाही, असं सरळ सांगावं.

तिसरा, औषधाचा. "ह्याचा रस साखरेच्या आजारावर किती घ्यावा?" वनस्पतिशास्त्रज्ञानं मात्रा सांगू नये, कधीच नाही. ओळख पटवून द्यावी आणि उपचारासाठी वैद्यांकडे किंवा डॉक्टरांकडे पाठवावं.

वक्त्याला उत्तर माहीत नसेल तर त्यानं "माहीत नाही, शोधून कळवतो" म्हणावं, आणि आपण तो प्रश्न विचारणाऱ्याच्या फोन नंबरासह लिहून घ्यावा. पंधरा दिवसांत उत्तर गेलंच पाहिजे. उलट, श्रोत्यांमध्ये वक्त्यापेक्षा जास्त माहिती असणारा माणूस निघाला तर त्याला पुढे बोलवा. नरक्याच्या व्याख्यानात एका धनगर आजींनी त्याची पालवी कोणत्या महिन्यात येते आणि जनावरं ती खात नाहीत, हे सांगितलं. पाहुण्या संशोधकांनी वही काढून ते टिपून घेतलं.

९. विद्यार्थ्यांचं चर्चासत्र

एमएस्सीच्या प्रत्येक मुलाला एकच शोधनिबंध द्या आणि वीस मिनिटं. मांडणीत चार गोष्टी हव्यात: संशोधकांना काय जाणून घ्यायचं होतं, त्यासाठी त्यांनी काय केलं, कोणत्या एका आकृतीत उत्तर आहे, आणि तुम्हाला त्यात काय पटलं नाही. चौथी गोष्ट सांगताना मुलं घाबरतात. त्यांना सांगा की शंका घेणं म्हणजे अनादर नव्हे.

पडद्यावर परिच्छेद नकोत. अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यावं, फोटोवर मापपट्टी असावी, आलेखाच्या दोन्ही अक्षांवर काय आहे ते तोंडानं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. रंगीत तालीम दुसऱ्या विभागातल्या मित्रासमोर करा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कळलं तर बरंच जमलं. सी-३ आणि सी-४ ह्या प्रकाशसंश्लेषणाच्या दोन पद्धती. ऊस, मका आणि ज्वारी सी-४, भात आणि गहू सी-३, हे मुलं पाठ म्हणून दाखवतात, पण "मग उन्हाळ्यात माझ्या मक्याला त्याचा काय फायदा?" असं विचारलं की खरी तयारी कळते.

प्रमाणपत्र द्या, पण शेवटपर्यंत बसणाऱ्यालाच, आणि त्यावर त्यानं मांडलेल्या विषयाचं नाव असू द्या.

१०. नंतरची कामं

त्याच संध्याकाळी टेबलावरच्या वनस्पतींपैकी आवारातल्या किंवा बांधावरच्या प्रत्येकीचा एक नमुना दाबून ठेवा. शीटवर शास्त्रीय नाव, लोकांनी त्या दिवशी सांगितलेली सगळी स्थानिक नावं, ठिकाण आणि तारीख लिहा. काही वर्षांत तालुक्याचा स्वतःचा वनस्पतिसंग्रह उभा राहतो. गावाची लोक जैवविविधता नोंदवही अपुरी असेल तर ही नावं तिथे कामी येतात. ग्रामपंचायतीत एक प्रत द्या.

पुढच्या रविवारी सकाळी सातला वीसपंचवीस जणांची फेरी काढा: ओढ्याकाठानं, देवराईत, किंवा नुसतं स्मशानाच्या रस्त्यानं. व्याख्यानाला न बोललेली माणसं फेरीत भरभरून बोलतात.

चिठ्ठ्या मात्र फेकू नका. एका वर्षी पत्रीच्या व्याख्यानानंतर एका चिठ्ठीला वाळलेलं पान टाचणीनं टोचलेलं मिळालं. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, "आमच्या विहिरीजवळ ही वेल आहे. सासूबाई भाजी करायच्या. आता नाव कोणालाच माहीत नाही." नाव नव्हतं, गाव होतं. आम्ही दोन मुलींना घेऊन त्या गावी गेलो, विहीर शोधली, वेल फुलावर येईपर्यंत थांबलो आणि पुढच्या जुलैचं व्याख्यान रानभाज्यांवर ठेवलं. ती बाई पहिल्या रांगेत, टेबलाच्या अगदी समोर बसली होती.